भामरागडची रेंज

शहरांतील कुटुंबांत आज वीज, पाणी आणि मोबाईल यांचा उच्चार एकाच दमांत होतो. माजघरांत बसलें असतां फोन नीट ऐकूं येत नाहीं, गच्चीवर जावें लागतें, एवढ्यावरून घरांतील तरुण मंडळी कंपनीच्या नांवानें बोटें मोडतात. परंतु याच महाराष्ट्रांत असा एक तालुका आहे कीं, त्याच्या आंतल्या कित्येक गांवांतील माणसास फोनवर चार शब्द बोलावयाचे झाल्यास टेकडी चढावी लागते, किंवा रानवाटेनें कोस दोन कोस चालावें लागतें. हा तालुका म्हणजे गडचिरोली जिल्ह्यांतील भामरागड. तेथें ही अडचण कां आहे, ती दूर करण्याचे कोणते प्रयत्न झाले, आणि ती दूर होईपर्यंत तेथील रहिवाशांनीं व तेथें नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या मुलाबाळांनीं काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे. त्याबरोबरच एका कर्तव्याचीहि आठवण करून द्यावयाची आहे. तें कर्तव्य भामरागडचें नसून बाहेरच्या आपणां सर्वांचें आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेंत लोकसंख्या १०,७२,९४२ भरली. म्हणजे चौरस किलोमीटरास सरासरी ७४ माणसें. त्याच जनगणनेप्रमाणें सबंध महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. भामरागड हें तालुक्याचें गांव छत्तीसगडच्या सीमेजवळ, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमापाशीं वसलें आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून तें १५० किलोमीटरांहून अधिक दूर. आलापल्ली मागें पडल्यावर पुढील ६०-६५ किलोमीटर रस्ता बहुतेक अरण्यांतूनच जातो. रहिवासी मुख्यतः माडिया गोंड. त्यांची बोली द्राविड कुळांतील. तेव्हां शाळेंतील मराठी ही तेथील मुलाची घरची भाषा नव्हे, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे.

भामरागडच्या जवळच हेमलकसा आहे. बाबा आमटे यांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं तेथें लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें तेथेंच राहून दवाखाना व शाळा उभी केली. २००८ सालीं उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें, तेव्हां हें नांव आपल्या घराघरांत पोहोंचलें. परंतु एखाद्या गांवाची कीर्ति आपल्यापर्यंत पोहोंचणें निराळें, आणि त्या गांवाचा शब्द आपल्यापर्यंत पोहोंचणें निराळें. पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहूं लागलें कीं भामरागडचें बेट होई, हा अनुभव तेथील लोकांनीं वर्षानुवर्षें घेतला आहे. रस्ता बुडाला असतां निदान शब्द तरी पलीकडे जावा, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल. दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, ज्या पावसांत रस्ता बुडतो त्याच पावसांत मोबाईलहि मुका होण्याचा संभव अधिक असतो.

याचें कारण समजण्यास थोडें पदार्थविज्ञान पाहिलें पाहिजे. आपल्या नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानिला. आधुनिक शास्त्र सांगतें कीं, ध्वनीला हवेसारखें माध्यम लागतें. पण बिनतारी लहरीस तें लागत नाहीं. आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अशा लहरींच्या योगानें भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. मोबाईल याच जातीच्या लहरींवर चालतो. टॉवरवरून निघालेली लहर आपल्या हातांतील यंत्रापर्यंत, आणि यंत्रांतून निघालेली दुबळी लहर परत टॉवरपर्यंत पोहोंचली, म्हणजे 'रेंज आहे' असें आपण म्हणतों. दुसरा प्रवास पहिल्याइतकाच अवश्य आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. टॉवरचा आवाज मोठा असतो. खिशांतील यंत्राचा आवाज लहान. म्हणून कित्येकदां पडद्यावर एखादी रेघ दिसते, तरी फोन कांहीं लागत नाहीं.

या लहरींना दोन शत्रु आहेत, डोंगर आणि झाड. आणि भामरागडला दोहोंचा तुटवडा नाहीं. डोंगराच्या आड लहरीची सावली पडते. झाडाचें प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. हिरव्या पानांत पाणी असतें. तें लहरीची शक्ति थोडी थोडी शोषून घेतें. एका झाडानें फारसें बिघडत नाहीं, पण मैलभर दाट रान मध्यें आलें म्हणजे पलीकडे कांहीं उरत नाहीं. पानें पावसानें ओलीं असलीं कीं हें शोषण आणखी वाढतें. लहर जितकी आंखूड, तितका अडथळा अधिक. २१०० मेगाहर्ट्झची लहर सुमारें १४ सेंटीमीटर लांबीची, म्हणजे वीतभरहि नाहीं; ७०० मेगाहर्ट्झची सुमारें ४३ सेंटीमीटर, म्हणजे जवळ जवळ एक हात. अरण्यांत ही दुसरी अधिक लांब पल्ल्याची ठरते. कालिदासाच्या यक्षानें रामगिरीवरून मेघालाच दूत करून धाडिलें. येथें मात्र मेघ आला कीं दूत नाहींसा होतो.

टॉवर उभा राहिला म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. तो टॉवर स्वतः बाहेरच्या जगाशीं जोडावा लागतो. काचतंतूची केबल, जिला सर्वत्र फायबर म्हणतात, ती जमिनींतून नेणें हा उत्तम मार्ग. पण रस्त्याच्या कामांत ती तुटते, आणि वनभूमीवर काम करावयाचें तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणें परवानगी लागते. दुसरा मार्ग टॉवरावरून टॉवराकडे बिनतारी दुवा जोडण्याचा; त्याला मध्यें डोंगर चालत नाहीं. तिसरा मार्ग उपग्रहाचा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खालीं यावयाचा आणि उत्तरहि तसेंच यावयाचें, यांत सुमारें अर्धा सेकंद जातो. शिवाय त्या अरुंद वाटेवर सबंध गांवाची गर्दी होते. याखेरीज टॉवरास वीज पाहिजे. वादळानें तारा तुटल्या तर बॅटरी कांहीं तास पुरते. मग डिझेल पाहिजे, आणि डिझेल आणावयाचें तें त्याच बुडालेल्या रस्त्यानें! या कारणानें कित्येक ठिकाणीं सूर्यप्रकाशावर चालणारे टॉवर बसविण्यांत आले, परंतु श्रावणांतल्या आठ-दहा दिवसांच्या झडींत सूर्यहि रजेवर असतो.

यांत भर पडली ती भीतीची. माओवाद्यांनीं मध्य भारतांतील अरण्यांत अनेक टॉवर जाळले; खबर पोहोंचविणारें साधन त्यांस नको होतें. त्यामुळें मजूर व ठेकेदार येण्यास धजत नसत, आणि पुष्कळ काम पोलिसांच्या संरक्षणाखालींच करावें लागे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपति यानें सुमारें साठ सहकाऱ्यांसह गडचिरोली येथें मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रें खालीं ठेवलीं. तेव्हांपासून या कारणाचा जोर बराच ओसरला आहे. आतां उरलेला अडथळा निसर्गाचा आणि हिशेबाचा.

हिशेबाचा अडथळा साधा आहे. जेथें चौरस किलोमीटरास हजारों माणसें राहतात, तेथें कंपनी एका टॉवरावर पैसा मिळविते. जेथें शंभरहि नाहींत, तेथें ती गमावते. ही अडचण ओळखून भारत सरकारनें १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवेचा निधि चालू केला. दूरसंचार कंपन्यांनीं आपल्या हिशेबी उत्पन्नाचा शेंकडा ५ भाग त्यांत भरावयाचा, आणि त्यांतून तोट्याच्या मुलुखांत सेवा न्यावयाची. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानें या निधीस 'डिजिटल भारत निधि' हें नांव दिलें. या पैशांतून नक्षलग्रस्त राज्यांकरितां ऑगस्ट २०१४ मध्यें एक योजना मंजूर झाली व भारत संचार निगमाचे टॉवर उभे राहिले. पण ते टू-जी जातीचे, म्हणजे मुख्यतः बोलण्यापुरते होते. १७ नोव्हेंबर २०२१ रोजीं पांच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांच्या ७,२८७ गांवांसाठीं फोर-जी मंजूर झालें; गडचिरोली हा महाराष्ट्रांतील अशा चार जिल्ह्यांपैकीं एक आहे. २७ एप्रिल २०२२ रोजीं नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ जुने टॉवर फोर-जी करण्याचें ठरलें, आणि त्याच वर्षीं २७ जुलै रोजीं देशांतील २४,६८० वंचित गांवांची योजना पुढें आली. निगमाची स्वदेशी बनावटीची फोर-जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजीं राष्ट्राला अर्पण झाली.

हे प्रयत्न लहान नाहींत, आणि त्यांचें श्रेय देण्यांत कुचराई करूं नये. तथापि दिल्लींतील मंजुरी आणि लाहेरीच्या पलीकडे बिनागुंड्याकडे जाणारी पायवाट यांच्यामध्यें पुष्कळ पावसाळे असतात. तालुक्याच्या गांवीं मोबाईल चालतो, म्हणून तालुका 'जोडला गेला' असें कागदावर म्हणतां येईल. पण आंतल्या पाड्यावरच्या आईला त्या जोडणीचा उपयोग, ती तालुक्याच्या गांवीं पायीं येईल तेव्हांच.

आतां कर्तव्याची गोष्ट. आपल्या देशांत १८५४ सालीं टपालाचा कायदा झाला, तेव्हां अंतर कितीहि असो, हलक्या पत्रास अर्धा आणा, हा नियम ठरला. जवळचें पत्र स्वस्त आणि दूरचें महाग, हा भेद त्या दिवशीं मिटला. टपाल ही सोय होती, सक्ति नव्हती. पत्र न लिहिणाऱ्याचें रेशन कोणी बंद केलें नाहीं. मोबाईलच्या बाबतींत हा क्रम उलटा झाला आहे. सोय अद्याप सर्वांपर्यंत पोहोंचली नाहीं, पण सक्ति मात्र पोहोंचली!

उदाहरणें पाहा. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाईलवर छायाचित्र काढून नोंदविणें सक्तीचें करण्यांत आलें. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचा प्रवेश सबंध महाराष्ट्रांत ऑनलाइन झाला. तेव्हां आश्रमशाळेंतून दहावी उत्तीर्ण झालेली माडिया मुलगी, पुण्याची मुलगी जो अर्ज भरते तोच अर्ज, त्याच मुदतींत भरूं लागली. एकीच्या हाताशीं घरचें वाय-फाय आहे. दुसरीस त्याकरितां तालुक्याची वाट धरावी लागते, आणि जून महिन्यांत मध्यें नाला आडवा येतो. सप्टेंबर २०२५ मध्यें लाडकी बहीण योजनेच्या लाभासाठीं ई-केवायसी आवश्यक झाली. तिच्यांत मोबाईलवर एक सांकेतिक आंकडा येतो, तो ओटीपी कांहीं मिनिटांतच भरावा लागतो. ज्या गांवीं निरोप दुसऱ्या दिवशीं पोहोंचतो, तेथें ही मिनिटें कोणत्या घड्याळानें मोजावयाचीं? बाईजवळ आधार आहे, फोन आहे, पात्रताहि आहे. नाहीं ती फक्त रेंज. तेवढ्यानें तिचा हक्क बुडूं नये.

आरोग्याची बाब तर याहून गंभीर आहे. अडलेल्या बाळंतिणीस खाटेवर घालून नदीकांठापर्यंत खांद्यावर आणण्याचे प्रसंग या भागांत घडतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. पण ती बोलावण्यासाठीं फोन लागला पाहिजे. नेटवर्क आहे त्या गांवीं गाडी निघाल्यावर खाट उचलतां येते. नाहीं त्या गांवीं आधीं माणूस धांवत जातो. तेवढा वेळ केव्हां केव्हां आयुष्याची किंमत मागतो.

कोणी म्हणेल, अरण्यांतील सरळ माणसांस ही शहरी उपाधि कशाला? आपल्याच घरांत मुलें रात्रभर त्या पडद्याकडे पाहत बसतात, हें काय थोडें झालें? हा आक्षेप मीं वडीलधाऱ्या मंडळींत पुष्कळदां ऐकला आहे, आणि त्यांत तथ्यांश नाहीं असें मी म्हणणार नाहीं. परंतु साधनाचा अतिरेक झालेल्यानें, साधनच न मिळालेल्यास संयमाचा उपदेश करणें शोभत नाहीं. काय घ्यावें व काय टाकावें, हें ठरविण्याचा अधिकार हातांत आलें असेल त्याचा. आपण आपल्या मुलांस तो दिला; माडिया मुलांस तो नाकारण्याचें कारण दिसत नाहीं.

तोंवर अरण्यांतील लोक हात जोडून बसलेले नाहींत. शेजारच्या छत्तीसगडांत शुभ्रांशु चौधरी यांनीं २०१० सालीं 'सीजीनेट स्वर' हा उपक्रम काढला. साध्या फोनवरून आपली तक्रार वा बातमी आपल्या बोलींत सांगावयाची, व ती इतरांनीं फोनवरच ऐकावयाची, अशी ही योजना. जेथें नेटवर्क नाहीं तेथें तीच ध्वनिमुद्रणें ब्ल्यूटूथनें एका फोनांतून दुसऱ्या फोनांत देतात. गांवकऱ्यांनीं त्यास 'बुल्टू रेडिओ' असें नांव पाडलें. कर्नाटकांत दोड्डबल्लापूर भागांत सुमारें वीस वर्षांपूर्वीं 'डाकनेट' नांवाचा एक प्रयोग झाला. बसगाडींत यंत्र बसविलें होतें. बस गांवांत आली कीं तेथील निरोप व अर्ज तें उचलून घेई, आणि शहरांत पोहोंचतांच पुढें रवाना करी. आपली एस.टी. अहेरी आगारांतून आंतल्या गांवांकडे जाते. प्रवाशांबरोबर तिनें शाळांचे अर्ज आणि पाठहि वाहावेत, ही कल्पना फार खर्चाची नाहीं. जिल्ह्याच्या शिक्षणखात्यानें तिचा विचार करण्याजोगा आहे.

आतां ज्यांच्या घरचें कोणी तेथें नोकरीस आहे, त्यांच्यासाठीं कांहीं व्यावहारिक सूचना. आमचा एक भाचा त्या बाजूच्या एका आश्रमशाळेंत शिक्षक आहे. त्याच्या अनुभवाचाहि यांत आधार आहे.

पहिली गोष्ट, सिम घेण्यापूर्वीं कोणत्या कंपनीचा टॉवर जवळ आहे हें त्या गांवच्या माणसास विचारावें. नागपुरांतील दुकानदाराचें मत येथें कुचकामाचें. शक्य असेल तर दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमें ठेवावींत. दुसरी, फोन घेतांना त्याला बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झची लहर, पकडतां येते कां हें पाहावें. भारत संचार निगमाची फोर-जी सेवा ७०० व २१०० या लहरींवर चालते. पुष्कळ जुने फोन यांतील पहिली ओळखतच नाहींत, आणि मग टॉवर असूनहि नसल्यासारखा होतो. तिसरी, रेंज नसलेल्या जागीं फोन टॉवर शोधण्यासाठीं पूर्ण शक्तीनें धडपडतो व त्याची बॅटरी लौकर संपते. अशा वेळीं तो विमान-स्थितींत ठेवावा आणि टेकडीवर गेल्यावर पूर्ववत् करावा. चौथी, बोलणें होत नसेल तर साधा एसएमएस धाडावा. त्यास फार थोडी जागा लागते, आणि तो लगेच पोहोंचला नाहीं तरी केंद्रांत थांबून रेंज येतांच पुढें जातो. पांचवी, रेंज वाढविणारें म्हणून बाजारांत विकलें जाणारें रिपीटर यंत्र परवान्यावांचून बसवूं नये. तें बेकायदेशीर तर आहेच, पण त्यानें टॉवरच्या कामांत बिघाड होऊन शेजाऱ्यांचीहि सेवा जाते.

सहावी सूचना शिक्षकांसाठीं. जें एकदां उतरवून नेतां येतें, तें रोज आकाशांतून मागूं नये. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संगणकीय स्वरूपांत विनामूल्य मिळतात. 'किविक्स' या साधनानें मराठी विकिपीडिया, जो १ मे २००३ रोजीं सुरू झाला, तो सबंधच्या सबंध एका लहानशा स्मृतिपत्रिकेवर, म्हणजे मेमरी कार्डावर, मावतो आणि नेटवर्काशिवाय वाचतां येतो. दिवाळीच्या सुटींत घरीं आलेल्या शिक्षकानें परत जातांना चकलीच्या डब्याबरोबर हेंहि न्यावें. आमच्या भाच्याच्या वर्गांतील मुलांनीं समुद्र प्रथम पाहिला तो अशाच एका कार्डावर.

सातवी आणि शेवटची सूचना घरच्यांसाठीं. ठराविक वार व वेळ नेमून घ्यावी. आमच्या घरीं रविवारीं सायंकाळीं पांच ही वेळ आहे. त्या वेळीं भाचा टेकडीवर येतो. काय सांगावयाचें त्याची यादी आमची वहिनी आधींच करून ठेवते, कारण बोलणें केव्हां तुटेल याचा नेम नसतो. पावसाळ्यांत एकदां लागोपाठ अकरा दिवस फोन आला नाहीं. परंतु तालुक्याच्या गांवींच्या एका सहकाऱ्याचा क्रमांक आम्हीं पूर्वींच मागून घेतला होता. नाला उतरतांच तिकडून 'खुशाल' एवढा एक शब्द आला, आणि घरांतल्या वडील माणसांनीं त्या रात्रीं नीट जेवण केलें. प्रत्येक कुटुंबानें असा एक दुवा अगोदर तयार ठेवावा.

पुढील काळाविषयीं आशेला जागा आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजीं महाराष्ट्र शासनानें स्टारलिंक या कंपनीबरोबर आशयपत्रावर सही केली. त्यांत गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव या जिल्ह्यांचा उल्लेख आहे. या कंपनीचे उपग्रह सुमारें ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात, म्हणून भूस्थिर उपग्रहाचा विलंब त्यांत नाहीं, आणि जमिनींतून फायबर नेण्याचीहि गरज नाहीं. परंतु आशयपत्र म्हणजे काम नव्हे. शिवाय त्या यंत्रासहि उघडें आकाश आणि अखंड वीज पाहिजेच. शाळा, आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायत या तीन ठिकाणीं जरी अशी सोय प्रथम झाली, तरी आंतल्या गांवांचें निम्में दुःख हलकें होईल.

सारांश, जी गोष्ट सर्वांवर सक्तीची करावयाची, ती आधीं सर्वांपर्यंत पोहोंचविली पाहिजे. आणि जोंपर्यंत ती पोहोंचली नाहीं, तोंपर्यंत कागदाचा अर्ज, अंगठ्याचा ठसा व समक्ष साक्ष हे जुने मार्ग उघडे ठेवले पाहिजेत. हें मागणें भामरागडचा माडिया मंत्रालयांत येऊन मांडूं शकत नाहीं. आपण मांडूं शकतों. आपल्या वाचकवर्गांत शासनाचे अधिकारी आहेत, बँकांचे व्यवस्थापक आहेत, संगणकाच्या प्रणाली रचणारे तर घरटी एक आहेत. त्यांनीं यापुढें एखादा अर्ज किंवा नियम तयार करतांना स्वतःस एवढाच प्रश्न विचारावा, कीं रेंज नसेल तर हा माणूस काय करील? या प्रश्नाचें उत्तर अर्जाच्या त्याच पानावर लिहिलेलें असलें, म्हणजे बिनागुंड्याच्या वाटेवरील मुलीची एक खेप वांचेल, आणि कदाचित् तिचें एक वर्षहि.